विश्लेषण : लुई कान यांना इमारतींच्या कल्पना कुठून सुचत?

शास्त्रज्ञांसाठी बांधलेल्या एका इमारतीचे कौतुक जगभर होत होते आणि तिच्या आत बसलेले शास्त्रज्ञ मात्र उन्हाला वैतागून खिडक्यांना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवत होते. ही इमारत होती अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान यांची. पुढच्या दीड दशकात याच कान यांनी कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूट, टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालय, अहमदाबादची आयआयएम आणि ढाक्याचे संसद भवन यांचे आराखडे केले. मधल्या काळात काय बदलले? क्लायंटने दिलेला नकार त्यांच्या उपयोगी कसा पडला आणि या पद्धतीची किंमत कोणी मोजली?

लुई कान कोण होते?

कान यांचा जन्म १९०१ मध्ये आजच्या इस्टोनियात, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता. लहानपणी निखाऱ्यांच्या उजेडाला भुलून त्यांनी ते जवळ ओढले, कपड्यांनी पेट घेतला आणि चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. १९०६ मध्ये कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले. घरात पैशाची चणचण होती. मुलाचा हात चित्रकलेत आणि पियानोवर चांगला चालत असे, म्हणून मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून तो चार पैसे मिळवू लागला. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली.

त्यानंतरची २५ वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. महामंदीत काम नव्हते, नंतर कामगार वसाहतींचे आराखडे केले आणि १९४७ पासून येल विद्यापीठात शिकवले. १९५० मध्ये ते रोमला गेले. तिथले, ग्रीसमधले आणि इजिप्तमधले अवशेष पाहून परतले. येलचे कलादालन १९५३ मध्ये पूर्ण झाले तेव्हा कान ५२ वर्षांचे होते. १९७४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या इमारतींसाठी जग त्यांना ओळखते, त्या जवळजवळ सगळ्या शेवटच्या २० वर्षांतल्या आहेत.

आपल्याला काय व्हायचे आहे हे विटेलाच विचारा, असे ते विद्यार्थ्यांना सांगत, ही गोष्ट आर्किटेक्चरच्या बहुतेक कॉलेजांत ऐकायला मिळते. त्यामुळे त्यांची प्रतिमा भिंतींशी बोलणाऱ्या साधूसारखी झाली आहे. प्रत्यक्षात विटेपेक्षा जास्त प्रश्न त्यांनी इमारत बांधून घेणाऱ्यांना विचारले. त्यांच्या आडनावाचा मराठीत होणारा अर्थ त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तो त्यांना शोभला असता. निदान १९६० नंतर तरी.

काम सुरू कसे होत असे?

क्लायंट वास्तुरचनाकाराकडे येतो तो खोल्यांची यादी घेऊन. इतक्या चौरस फुटांचे सभागृह, इतके वर्ग, इतकी स्वच्छतागृहे. कान ही यादी सुरुवातीला बाजूला ठेवत. शाळा बांधायची असेल तर शाळा म्हणजे मुळात काय, इथून ते सुरू करत. झाडाखाली बसून कोणीतरी आपल्याला जे कळले ते चार जणांना सांगतो आहे, तीच पहिली शाळा, असे ते मानत. यादीत कॉरिडॉर असा शब्द असेल, तर तिथे माणसे नुसती चालणार की थांबून बोलणारही, हे त्यांना आधी हवे असे.

फिलाडेल्फियात वॉलनट स्ट्रीटवर त्यांचे ऑफिस होते. तिथे रात्री उशिरापर्यंत काम चाले. पिवळ्या पातळ कागदावर ते कोळशाने रेखाटन करत. कोळशाची रेघ हाताने पुसता येते, म्हणून आधीच्या आराखड्याच्या पुसट खुणांवरच पुढचा आराखडा चढत असे. सुचलेले मोडायला त्यांना फार वेळ लागत नसे. मात्र हा उद्योग एकट्याचा नव्हता. भूमितीची पक्की जाण असलेल्या ॲन टिंग यांचा १९५० च्या दशकातील त्यांच्या कामात मोठा वाटा होता. काँक्रीटचे गणित ऑगस्ट कोमेंडंट हे अभियंते सांभाळत. श्रेय मात्र बहुतेक वेळा कान यांच्या नावावर जमा झाले.

मग शास्त्रज्ञ का वैतागले?

१९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकीय संशोधनाच्या इमारतीचे काम कान यांना दिले. हीच रिचर्ड्स प्रयोगशाळा. इथे त्यांनी एक लख्ख कल्पना मांडली. इमारतीत काही जागा राबवून घेणाऱ्या असतात, काही राबणाऱ्या. माणसे काम करतात ती जागा पहिल्या प्रकारची. जिने, पाइप, हवा खेळवणारे मार्ग हे दुसऱ्या प्रकारचे. या दोन्ही गोष्टी एकमेकींत कोंबायच्या नाहीत. म्हणून त्यांनी जिने आणि हवेचे मार्ग विटांच्या उंच मनोऱ्यांत बाहेर काढले आणि त्यांच्या मधोमध प्रयोगशाळांचे काचेचे मजले रचले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या एकाच इमारतीवर प्रदर्शन भरवले.

चूक वेगळ्याच ठिकाणी होती. शास्त्रज्ञ म्हणजे स्टुडिओत बसलेला चित्रकार, त्याला भरपूर उजेड आणि मोकळी जागा हवी, असे कान यांनी गृहीत धरले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना मात्र उन्हाची तिरीप नको होती. भिंतीलगत उपकरणे ठेवायला जागा हवी होती आणि थोडा आडोसाही हवा होता. उघड्या ठेवलेल्या छतातल्या पाइपांवर धूळ साचू लागली. खिडक्यांवर फॉइल आले, मध्ये कपाटे उभी राहिली. राबणाऱ्या आणि राबवून घेणाऱ्या जागांची कल्पना खोटी ठरली नाही. पण रोज सकाळी येऊन टेबलाशी बसणाऱ्या माणसाला विचारायचे राहून गेले होते.

साल्क यांनी नक्की काय मागितले?

पोलिओची लस परिणामकारक असल्याचे १९५५ मध्ये जाहीर झाले आणि डॉ. जोनास साल्क जगप्रसिद्ध झाले. त्यांना स्वतःची संशोधन संस्था उभारायची होती. १९५९ च्या अखेरीस ते फिलाडेल्फियात कान यांना भेटले. वास्तुरचनाकार कसा निवडावा याचा सल्ला घ्यायला ते आले होते. पण बोलता बोलता कामच कान यांच्याकडे आले.

साल्क यांनी जागेचा हिशेब दिला, त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. जिथे पिकासोसारख्या चित्रकाराला बोलावता येईल अशी ही प्रयोगशाळा हवी, हे त्यांचे मागणे कान पुढे अनेकदा सांगत. इटलीतल्या असिसी गावचा मठ साल्क यांनी पाहिला होता आणि तिथल्या ओवऱ्यांनी वेढलेल्या अंगणाची त्यांच्यावर छाप होती. तो मठ कान यांनाही ठाऊक होता. दोघांना बोलायला समान काही सापडले ते असे. खोल्यांच्या यादीतून ते सापडले नसते.

सॅन डिएगो शहराने ला होया भागात, प्रशांत महासागराच्या कड्यावर जमीन दिली. कान यांचा पहिला विचार रिचर्ड्ससारख्याच मनोऱ्यांचा होता. माणूस आपल्या गाजलेल्या कल्पनेच्या प्रेमात पडतो, कानही त्याला अपवाद नव्हते. साल्क यांना ते मान्य नव्हते. प्रयोग बदलतात, यंत्रे बदलतात, म्हणून मध्ये एकही खांब नसलेली, हवी तशी मांडता येणारी लांबरुंद जागा त्यांना हवी होती. मग चार इमारती आणि त्यांच्यामध्ये दोन बागा असा आराखडा ठरला. १९६२ मध्ये तो मंजूरही झाला आणि बांधकामाची तयारी सुरू झाली.

तेव्हा साल्क यांनी पुन्हा विचार केला आणि हा आराखडा नको असे सांगितले. चार इमारती आणि दोन बागा म्हणजे माणसांचे दोन कळप होणार; शिवाय त्या बागा बोळांसारख्या अरुंद वाटतील, अशी त्यांची शंका होती. अंगण एकच हवे होते. अनेक महिन्यांचे काम बाद होत होते. क्लायंटने इतक्या उशिरा मन बदलले की बहुतेक ऑफिसांत वाढीव बिल आणि कडू चेहरा एवढेच मिळते. कान यांनी जुन्या आराखड्याला ठिगळ लावले नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

आज जे दिसते ते या नकारातून आलेले आहे. समोरासमोर दोन लांब इमारती आणि मध्ये एकच फरसबंद अंगण. प्रयोगशाळेचा प्रत्येक मजला साधारण ६५ फूट रुंद, २४५ फूट लांब आणि मध्ये खांब नाही. हे जमले कारण प्रत्येक प्रयोगशाळेच्या डोक्यावर सुमारे नऊ फूट उंचीचा एक पूर्ण मजला फक्त पाइप आणि वायरींसाठी ठेवला. काँक्रीटच्या पोकळ चौकटींच्या प्रचंड तुळया त्या मजल्यातच बसवल्या. पाइप बदलायचा असेल तर कारागीर वरच्या मजल्यात शिरतो, खालचा प्रयोग चालूच राहतो. राबणाऱ्या जागांची रिचर्ड्समधली कल्पना इथेही आहे, पण आता ती शास्त्रज्ञांच्या सोयीने वागते.

रिचर्ड्सचा दुसरा धडाही इथे दिसतो. काम करण्याची जागा आणि विचार करण्याची जागा वेगळी काढली. प्रयोगशाळेपासून थोड्या अंतरावर, अंगणाच्या बाजूने, शास्त्रज्ञांसाठी सागवानी लाकडाच्या आवरणाच्या लहान खोल्या आहेत. त्यांच्या भिंती तिरक्या फिरवल्या आहेत, त्यामुळे खिडकीतून समुद्र दिसतो.

अंगणात काय करायचे, हे मात्र कान यांना कित्येक महिने सुचेना. झाडे लावायची असे बराच काळ ठरलेले होते. १९६६ मध्ये त्यांनी मेक्सिकोचे वास्तुरचनाकार लुईस बारागान यांना बोलावले. त्यांनी इथे एकही झाड लावू नका, हे दगडी अंगणच राहू द्या, असा सल्ला दिला. कान आणि साल्क दोघांनाही तो पटला. दगडी फरसबंदी झाली आणि मधोमध समुद्राच्या दिशेने जाणारी पाण्याची एक बारीक चिरी आली. कान यांच्या सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या जागेतली ही निर्णायक गोष्ट दुसऱ्याने सुचवलेली आहे आणि कान यांनी ते कधी लपवले नाही.

एका माणसाऐवजी समिती असेल तर?

साल्क एकटे होते आणि जाणते होते. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात मात्र कान यांच्यासमोर एक अख्खी मंडळी बसली होती. तिथल्या युनिटेरियन पंथाच्या चर्चची जुनी वास्तू शहरातल्या नव्या बाजार संकुलासाठी पाडली गेली होती आणि १९५९ मध्ये नव्या वास्तूसाठी कान यांची निवड झाली. कान यांनी मधोमध प्रार्थनागृह आणि त्याच्याभोवती मुलांच्या शाळेचे वर्ग असे चित्र काढले. त्यातून केलेला पहिला आराखडा मंडळींनी नाकारला. तो खर्चीक होता आणि आखीव भूमितीत जखडलेला होता. प्रार्थनागृह वेगळे आणि शाळा वेगळी असावी असेही काहींना वाटत होते.

इथे कान यांनी वाद घातला नाही, तर त्यांच्यासोबत बसून त्या सूचनेप्रमाणे आराखडा कसा होईल ते पाहिले. मग रोजच्या गोष्टी निघाल्या. प्रार्थना संपल्यावर कॉफी कुठे घ्यायची? मग स्वयंपाकघर जवळ हवे. मुलांचा वर्ग कुठे भरणार? आईवडील प्रार्थनेला बसले असतील तर मुले फार लांब नकोत. एकेक खोली पुन्हा मधल्या सभागृहाकडे सरकत गेली आणि शेवटी मंडळी स्वतःच कान यांच्या मूळ चित्रापाशी येऊन पोहोचली. फरक एवढाच की आधीचे काटेकोर वर्तुळ आणि चौकोन गेले होते आणि खोल्यांना आपापल्या गरजेनुसार लहानमोठे आकार मिळाले होते.

बाहेरून या इमारतीची विटांची भिंत घडी घातल्यासारखी आत-बाहेर होते. त्या खोल घड्यांत खिडक्या आहेत आणि खिडकीपाशी बसायला जागा आहे. मधल्या सभागृहाला बाहेर पाहणारी खिडकीच नाही. चार कोपऱ्यांवर चार उंच धारे आहेत, त्यातून उजेड खाली उतरतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही चर्चा कान यांच्या मूळ कल्पनेकडेच परतली, म्हणून तिचा शेवट गोड वाटतो. समोरच्यांना बोलू द्यायचे आणि शेवटी आपल्याच ठिकाणी आणायचे, ही हातोटी त्यांच्याकडे होती. ती कधी ऐकून घेणे असे, कधी नुसते पटवणे. दोन्हींतला फरक प्रत्येक इमारतीत वेगळा तपासावा लागतो.

नकारातून प्रकाश कसा सापडला?

टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या किंबेल कलासंग्रहालयात तर ऐकून घेणेच जास्त होते. तिथले संचालक रिचर्ड ब्राउन यांनी वास्तुरचनाकार नेमण्याआधीच आपल्याला काय हवे ते लिहून काढले होते. चित्रे दिवसाच्या उजेडात पाहता यावीत, बाहेर ढग आले तर आतही ते जाणवावे आणि इमारत माणसाला दडपून टाकणारी नसावी. १९६६ मध्ये कान यांना काम मिळाले तेव्हा त्यांनी केलेला आराखडा फार मोठा होता आणि छतही फार उंच होते. ब्राउन यांनी तो परत पाठवला. इथे येणाऱ्याला राजवाड्यात नव्हे, घरात आल्यासारखे वाटले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

छत खाली आणायचे तर अर्धवर्तुळाची कमान चालणार नव्हती, ती उंच होते. कान यांचे सहकारी मार्शल मेयर्स यांना पुस्तकात सायक्लॉइड नावाची वक्ररेषा सापडली. फिरत्या चाकाच्या कडेवरचा एक बिंदू जी रेघ काढत जातो, ती ही. या रेषेचे छत रुंद असूनही बसके राहते. १०० फूट लांब आणि २३ फूट रुंद अशी काँक्रीटची छते ओळीने बसवली. प्रत्येकाच्या माथ्यावर लांब फट आणि तिच्या खाली सच्छिद्र ॲल्युमिनियमचा वक्र पडदा. टेक्सासचे कडक ऊन फटीतून येते, पडद्यावर आपटून वर काँक्रीटवर पसरते आणि मग रुपेरी होऊन चित्रांवर उतरते. १९७२ मध्ये हे संग्रहालय खुले झाले. ब्राउन यांनी पहिले उंच छत गोड मानून घेतले असते, तर हा उजेड असा उतरला नसता.

त्याच काळात न्यू हॅम्पशायरमधील एक्झेटर शाळेच्या ग्रंथालयाचे काम चालू होते. तिथेही ग्रंथपाल आणि शिक्षकांनी इमारतीविषयी आधीच खोल विचार केलेला होता. मुलाने कपाटातून पुस्तक घ्यावे आणि उजेडाकडे जावे, इतकी साधी ही गोष्ट होती. म्हणून पुस्तके आतल्या बाजूला, वाचायच्या लाकडी जागा बाहेरच्या भिंतीलगत आणि प्रत्येक जागेला स्वतःची छोटी खिडकी.

घर बांधून घेणाऱ्यांनाही ही पद्धत भोगावी लागली. फिलाडेल्फियाजवळच्या फिशर दांपत्याने १९६० मध्ये कान यांना काम सांगितले आणि त्यांचे घर १९६७ मध्ये तयार झाले. मध्यम आकाराच्या एका घराला सात वर्षे. घर सुंदर आहे, याविषयी दुमत नाही.

भारताशी संबंध कसा आला?

अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहत होती. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई तिच्या मागे होते. वास्तुरचनाकार म्हणून बाळकृष्ण दोशी यांचा विचार झाला, पण त्यांनी कान यांचे नाव सुचवले. दोशी मूळचे पुण्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. १९६२ मध्ये कान यांनी काम स्वीकारले आणि दोशी इथले सहयोगी झाले.

मागणी होती केस-पद्धतीने शिकवण्याची. खऱ्या उद्योगातला खरा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा आणि त्यांनीच त्यावर भांडायचे, ही हार्वर्डची रीत. कान यांनी तिचा अर्थ असा लावला की भांडण वर्ग सुटल्यावर संपत नाही. ते कॉरिडॉरमध्ये चालते, जिन्यावर चालते, खोलीवर परतल्यावर चालते. म्हणून वर्गांबाहेरचे मार्ग त्यांनी रुंद ठेवले. वसतिगृहात दहा-दहा खोल्या एकेका जिन्याभोवती आणि चहाच्या जागेभोवती बांधल्या. ग्रंथालय, वर्ग आणि वसतिगृहे वेगवेगळ्या टोकांना न टाकता एकमेकांत गुंफली. वसतिगृहे तिरकी वळवली, म्हणजे वारा आत येईल. खोल सावल्यांच्या मोठ्या गोल कमानी ही उन्हावरची उपाययोजना होती, सजावट नव्हती.

काँक्रीट महाग, वीट स्वस्त आणि गवंडी हाताशी. विटेची कमान रुंद करायची तर ती दोन्ही बाजूंना फाकते, म्हणून कमानीच्या पायाशी काँक्रीटची आडवी पट्टी घालून ती बांधून ठेवली. विटेचा लाल रंग आणि काँक्रीटची राखाडी रेघ ही आयआयएमची ओळख अशी तयार झाली. कान यांना वसतिगृहे आणि शिक्षकांच्या घरांमध्ये तळेही हवे होते, ते झाले नाही.

मुंबईत जन्मलेले आणि जे. जे. मध्येच शिकलेले अनंत राजे फिलाडेल्फियात कान यांच्या ऑफिसात काम करून आले होते. कान गेल्यानंतर संकुलाचे उरलेले काम त्यांनी पुढे नेले.

ढाक्यात यादीचे काय झाले?

त्याच वर्षी, १९६२ मध्ये, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानची राजधानी ढाका इथे संसद संकुलाचे काम आले. बंगाली वास्तुरचनाकार मझहरुल इस्लाम यांनी कान यांचे नाव पुढे केले होते. सरकारच्या यादीत एक किरकोळ नोंद होती. तीन हजार चौरस फुटांची प्रार्थनेची खोली आणि चटया ठेवायला कपाट. कान यांनी तिची जागा दहापट करून थेट मशीद मांडली. लोक एकत्र येऊन ज्या जागी कायदे करणार, तिथे शिरतानाच माणूस स्वतःपेक्षा मोठ्या गोष्टीला सामोरा जायला हवा, असे त्यांना वाटत होते. अखेर प्रार्थनागृह दक्षिणेकडच्या प्रवेशाशीच बांधले गेले आणि मक्केची दिशा साधण्यासाठी ते बाकी इमारतीपासून किंचित फिरवले गेले.

इथे क्लायंटने जे मागितले नव्हते तेच इमारतीच्या दारात येऊन बसले. १९७१ च्या युद्धात काम थांबले, क्लायंटचा देशच बदलला आणि नव्या बांगलादेशाने ते पुढे चालवले. हे भवन १९८२ मध्ये पूर्ण झाले.

या पद्धतीची किंमत किती होती?

बरीच होती. पुन्हा पुन्हा कोऱ्या कागदावरून सुरुवात करणाऱ्या ऑफिसात पैसा टिकत नाही. कान यांच्या मृत्यूवेळी ऑफिसवर सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज होते. काही क्लायंटची सहनशक्ती किंवा तिजोरी आधी संपली. पेनसिल्व्हेनियातील डॉमिनिकन जोगिणींच्या मठावर १९६५ ते १९६९ अशी चार वर्षे काम झाले. आराखडा आक्रसत गेला आणि तरीही मठ उभा राहिला नाही. फिलाडेल्फियातल्या ज्यू समाजाचे मिकवे इस्रायल प्रार्थनामंदिर कागदावरच राहिले. साल्क यांच्या संस्थेतही शास्त्रज्ञांनी आणि पाहुण्यांनी एकत्र येण्यासाठी आखलेले सभाभवन बांधले गेले नाही. पिकासोला बोलवायचे ते खरे तर तिथे.

१७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनवर, स्वच्छतागृहात, हृदयविकाराच्या झटक्याने कान यांचा मृत्यू झाला. कुटुंबापर्यंत बातमी पोहोचायला दोन दिवस गेले. अहमदाबाद आणि ढाका ही दोन्ही संकुले त्यांनी पूर्ण झालेली पाहिली नाहीत.

आयआयएमच्या वसतिगृहांचा वाद काय आहे?

विटांतून पाणी झिरपते, २००१ च्या भूकंपात तडे गेले, खोल्या राहण्याजोग्या उरल्या नाहीत, अशी संस्थेची तक्रार आहे. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेतला गेला. पुढे २०२२ मध्ये संकुलाचा काही भाग नव्याने बांधण्याचा विषय संस्थेने पुन्हा काढला. याच संकुलातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या ऑफिसने केली आणि तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. म्हणजे दुरुस्ती अशक्य नाही, हे त्याच आवारात दिसून आले आहे.

गळणाऱ्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याची तक्रारही खोटी नाही. रिचर्ड्समधल्या शास्त्रज्ञांच्या तक्रारीइतकीच ती खरी आहे. तेव्हा वास्तुरचनाकार जिवंत होते आणि पुढच्या प्रयोगशाळेत त्यांनी तिला उत्तर दिले. अहमदाबादच्या चहाच्या जागांभोवती आता कोणाला काय हवे आहे, याची चौकशी नव्या माणसांनाच करावी लागणार आहे.